लशीचा मेसेज

बाळाला मांडीवर घेऊन एक आई लशीसाठी थांबली होती. शेजारी नर्स आणि महिला आश्रमातल्या ताई बोलत होत्या.

“आमच्याकडे आलेल्या त्या बाईच्या बाळाच्या लशीचा मेसेज कुणाला जातो गं?”

“बापाला. त्याचाच नंबर आहे.”

“त्यात काय असतं?”

“दवाखाना, तारीख, वेळ.”

“म्हणजे आम्ही तिला मारकुट्या नवऱ्यापासून लपवायचं आणि तुम्ही त्याला आमंत्रण धाडायचं!”

“अगं बाई! आज संध्याकाळीच जाणार होता. आता कुणाचा नंबर घालू?”

“माझा घाल.”

“‘आपलं बाळ लशीला आणा’ असं येईल हं!”

“या वयात? आमचे हे खुर्चीवरून पडतील! त्यांना काय सांगू?”

“काही सांगायचं नाही. आपल्या माणसालासुद्धा नाही.”

मग नर्स शेजारी थांबलेल्या त्या आईकडे वळली. “तुमचा नंबर सांगा.”

तिनं पुढे वाकून तो नर्सच्या कानात सांगितला.