सात मिनिटं उशिराची घंटा

—छे हो मिस्त्री, घड्याळ तुमचंच पुढे आहे. बसा त्या बाकावर. डावीकडे नको, डावा पाय लुळा आहे त्याचा, माझ्याच वयाचा आहे तो. झेरॉक्सचं मशीन कुठे पळत नाही, बंद पडलंय ना, पळणार कसं! दहाची घंटा झाली की ती समोरची खोली उघडतो. काय? दहा वाजून गेले? अहो, या कॉलेजात दहा कधी वाजायचे ते मी ठरवतो. शिपाई असलो तरी हा घंटेचा हातोडा बघितलात का हातातला?

सांगतो, पण कुणापाशी बोलू नका. आमच्या रसायनशास्त्राच्या मॅडम — आज दहालाच बढतीची मुलाखत आहे त्यांची — रोज सात मिनिटं उशिरा येतात. सहा नाही, आठ नाही, सात! का? सासूबाईंच्या डोळ्यांत औषधाचे तीन थेंब — एक घातला की पाच मिनिटं थांबायचं, मग दुसरा, पुन्हा पाच मिनिटं, मग तिसरा. पहिल्या पाचात धाकटीची वेणी, दुसऱ्या पाचात नवऱ्याचे मोजे. नवरा पूल बांधतो म्हणे, मोठे मोठे — कपाटातले मोजे तेवढे सापडत नाहीत त्याला! एकदा मॅडमनी वर्गात पर्समधून रिमोट काढला, प्रोजेक्टरवर रोखला, दाबतायत, दाबतायत — काही नाही. घरच्या टीव्हीचा होता तो! तिकडे सासरे प्रोजेक्टरच्या रिमोटनं बातम्या लावत बसलेले. पण शिकवतात कशा! मी सातवी नापास, तरी झोपेतून उठवून विचारा — आम्लात पाणी ओतायचं नाही, पाण्यात आम्ल ओतायचं. दाराबाहेर स्टुलावर बसून शिकलो.

बायांनी घर आणि नोकरी कशी सांभाळावी यावर कॉलेजनं व्याख्यानसुद्धा ठेवलं होतं हो. कधी? रविवारी सकाळी! बोलायला एक गृहस्थ. बायकोनं भरून दिलेला डबा खाऊन गेले.

मग मॅडमना मेमो आले. दोन. तिसरा आला की बढतीच्या फायलीवर लाल शेरा. दुसरा मीच नेऊन दिला. त्यांनी वाचला, घडी घातली आणि मलाच विचारलं, “काका, जेवलात का?” आता अशा बाईच्या हातात तिसरा कागद ठेवायचा कुणी? मी? माझा हात झडेल! दुसऱ्या दिवसापासून घंटाच सात मिनिटं उशिरा. सहा वर्षं झाली. ऑफिसातलं घड्याळही मीच पुसतो, पुसताना काटा जरा सरकतोच. प्राचार्य त्याच्यावरच आपलं घड्याळ लावतात. पोरांकडे मोबाइल आहेत, पण तास उशिरा सुरू झाला म्हणून तक्रार करणारा विद्यार्थी अजून जन्मायचाय. आणि मॅडम? त्यांना वाटतं, आपण वेळेवर यायला लागलो! नव्या बायांना सांगतात, “थोडं नियोजन केलं की जमतं गं.” मी आपला गाल चावून उभा.

आजचीच धाकधूक आहे बघा. समितीतले दोघं प्राचार्यांकडे चहा पितायत, तिसरा यायचाय. भलता खडूस म्हातारा म्हणे. उमेदवार मिनिटभर उशिरा आला की नाव खोडलंच. हसणं माहीत नाही, काठी गिळल्यासारखा बसतो, अगदी — अगदी तुमच्यासारखा हो! हा हा! रागावू नका, बॅग उघडा, पान्हेबिन्हे बाहेर काढून ठेवा. हे काय, फाइल? वर तर मॅडमचं नाव...

तुम्ही — आपण — मशीनवाले नाही?

साहेब, म्हातारा माणूस मी, तोंडाला येईल ते बडबडतो. म्हणजे खोटं नाही बोललो, पण... पुढच्या महिन्यात निवृत्त होतोय, माझं काय करायचं ते करा. त्या बाईला मात्र यातलं अक्षर ठाऊक नाही. शपथ घेतो. त्या बघा, फाटकातून पळत येतायत — अरे देवा, थेंबांची बाटली हातातच राहिलीय!

काय झालं साहेब? घड्याळ का काढलंत? काटा... मागे फिरवताय? किती, सात?

सात नको साहेब. आज जास्तच उशीर झालाय त्यांना, अकरा मिनिटं करा.

सरका आता, घंटा देऊ द्या.