दुसरा खेळाडू झोपलाय

ज्ञानेश: पण कुणाशी, एवढंच विचारतोय मी.

वर्षाली: काय कुणाशी?

ज्ञानेश: दुपारी. मी सेकंड शिफ्टला गेलो की तू कुणाशी बोलत बसतेस?

वर्षाली: हे तुला कुणी सांगितलं? आईंनी?

दुर्गाबाई: माझं नाव घालू नकोस गं मधी. ऐकू येतंय एवढंच म्हणले मी. कोण हाय ते कुठं म्हणले?

ज्ञानेश: आई, सकाळी चहा पिताना तू काय सांगितलंस ते सांग तिला परत.

दुर्गाबाई: जे ऐकलं ते सांगितलं. पिंकीला झोपवून ही बाहेरच्या खोलीत येती, माझ्या खोलीचं दार हळूच लोटती, आन बोलत बसती. ‘ये ना इकडं.’ ‘थांब, मी धरलंय.’ ‘सोडू नकोस हां, मी आहे.’ सून म्हणून मी काय वाईट बोलत न्हाई. पर असं कुणी गॅसवाल्याला म्हणतंय का?

वर्षाली: अगं बाई.

ज्ञानेश: हसू नकोस. मला पावणेदोनला निघायचंय, बस चौकात कुणासाठी थांबत नाही. पटकन सांग.

वर्षाली: तुझ्याशी.

ज्ञानेश: काय माझ्याशी?

वर्षाली: तुझ्याशी बोलते.

ज्ञानेश: मी कंपनीत लाइनवर असतो यार. फोन लॉकरमध्ये असतो माझा.

वर्षाली: माहितीये. म्हणूनच. थांब, टीव्ही लावते. तो कंट्रोलर घे हातात. तो नाही, पांढरा. तुझा.

ज्ञानेश: ह्याला काय चिकट चिकट लागलंय?

वर्षाली: पिंकीची लाळ. दात येतायत, तिला तोच आवडतो. आता बघ समोर.

ज्ञानेश: हा आपला दोरवाला गेम ना? दोघांनी डोंगर चढायचा तो. आपण दुसऱ्या डोंगरावर सोडला होता. तुझ्या डोहाळजेवणाच्या आदल्या रविवारी.

वर्षाली: हो. तू म्हणालास, बाळ झालं की पुढं जाऊ.

ज्ञानेश: पण हा तर... सातवा डोंगर? बर्फ कुठून आलं इथं?

वर्षाली: चौथ्यापासून बर्फच आहे.

ज्ञानेश: आणि माझ्या डोक्यावर टोपी?

वर्षाली: पाचव्यावर मिळाली. दोघांत एकच मिळते. तुला घातली.

दुर्गाबाई: थंडी हाय व्हय तिथं?

ज्ञानेश: आई, एक मिनिट. वर्षाली, हे काय लिहिलंय खाली? पहिला खेळाडू वर्षाली, एकसष्ट तास. दुसरा खेळाडू ज्ञानेश, एकसष्ट तास. मी एकसष्ट तास खेळलो?

वर्षाली: बराचसा वेळ झोपलास त्यातला.

ज्ञानेश: नीट सांग ना.

वर्षाली: काय नीट सांगू? उजव्या हातात माझा कंट्रोलर, मांडीवर तुझा. दोघांच्या कमरेला एकच दोर. उडी दोघांनी एकदम मारावी लागते, नाहीतर एकजण लटकतो आणि दुसऱ्याला घेऊन खाली येतो. तोंडानं बोललं नाही ना, तर कुठला हात तुझा आणि कुठला माझा तेच विसरायला होतं. म्हणून बोलते. ‘थांब. धर. आता ये.’ सुरुवातीला तेवढंच होतं.

ज्ञानेश: मग?

वर्षाली: मग तंबू आला. रात्र झाली की तंबूत थांबावं लागतं त्या खेळात, दोघं शेकोटीपाशी बसतात. करायचं काहीच नसतं. तर मी तुला सांगितलं, आज पिंकी पालथी पडली.

ज्ञानेश: ते मला सांगितलंस तू. मेसेज केला होतास.

वर्षाली: आधी ह्याला सांगितलं.

ज्ञानेश: अगं, पण एकटीनं खेळायचे इतके खेळ आहेत त्यात. मी स्वतः लोड करून दिले होते, तुझ्या बाळंतपणाच्या सुट्टीसाठी म्हणून.

वर्षाली: खेळले ना. सगळे खेळले. तो दीपगृहाचा खेळलायस का तू? कुणीतरी एकट्यानं बनवलाय म्हणे तो, चार वर्षं लागली त्याला. दिसायला इतका सुंदर! काम काय, तर रोज संध्याकाळी जिना चढायचा, काच पुसायची, दिवा लावायचा. लांबून जहाजं जातात. मला वाटत होतं, एखादं तरी थांबेल. अकरा दिवस खेळले मी, पिंकीच्या झोपेझोपेत. एकही थांबलं नाही, आणि शेवटी बनवणाऱ्याचं नाव आलं वर. इतकी चिडले!

ज्ञानेश: मग काढून टाकायचा.

वर्षाली: परत सुरू केला. जहाजं ओळखीची झाली होती.

ज्ञानेश: आणि तो ढकलाढकलीचा? तो तर तुझा फेवरेट होता.

वर्षाली: त्याला चारजण लागतात. वाकडच्या फ्लॅटमध्ये होतो तेव्हा कसं, शनिवार आला की दिग्विजय आणि तनुजा, पिझ्झा, आणि खालच्या मजल्यावरनं काठीनं छत ठोकायचे ते काका. आता मी एक आणि तीन कॉम्प्युटरचे. चांगले खेळतात हां ते. व्यवस्थित दरीत ढकलतात मला. पण ढकलल्यावर कुणी ओरडत नाही रे. दिग्विजय सोफ्यावर उभा राहून नाचायचा, आठवतंय? हे नुसते पुढं जातात. हरले तर हरल्यासारखं वाटत नाही, आणि जिंकले की उगाच मान वळते माझी मागं. मागं वाळत घातलेली लंगोटी.

ज्ञानेश: बोलवू की त्यांना. एखाद्या शनिवारी.

वर्षाली: बोलवलं होतं. तनुजा म्हणाली, तुमच्या मोशीपर्यंत येऊ गं, पण बाळ झोपलेलं असताना आवाज चालेल का? मी म्हटलं, चालेल. ती म्हणाली, नको, चालणार नाही. तिनंच ठरवलं.

ज्ञानेश: हेच म्हणतोय मी कधीपासून. रविवारी आई गावी चाललीये, तिच्याबरोबर जा तू आणि पिंकी. तीनच महिने. नवी लाइन सुरू होईपर्यंत माझं काही खरं नाही, ओव्हरटाइमला नाही म्हणता येत नाही. तिथं चार माणसं आहेत. पिंकीला अंगण मिळेल. तू अशी टीव्हीशी बोलत बसणार नाहीस.

वर्षाली: तिथं तू नसशील.

ज्ञानेश: इथं तरी कुठं असतो?

वर्षाली: रात्री साडेबाराला कुलपात किल्ली फिरते. तेवढी ऐकू येते.

ज्ञानेश: काय बोलतेस यार.

वर्षाली: एक उडी मार माझ्याबरोबर.

ज्ञानेश: आत्ता? एक चाळीस झालेत.

वर्षाली: एकच. ती समोरची फट दिसते ना, ती पार केली की तंबू. पंधरा दिवस झाले, ती मला एकटीला जमत नाही. तुझं बटण लांब पडतं माझ्या अंगठ्याला. पलीकडं गेलो तर मी रविवारी जाते. काही बोलणार नाही.

ज्ञानेश: आण. कुठलं बटण, चौकोन?

वर्षाली: गोल. मी तीन म्हटलं की. दोर आधी सैल सोड. एवढा नाही. हां. एक, दोन—

ज्ञानेश: अरे! अरे, धर ना!

वर्षाली: तीन म्हटलंच नव्हतं मी.

ज्ञानेश: मी तीनलाच मारली.

वर्षाली: दोनला मारलीस. वाकडलासुद्धा दोनलाच मारायचास.

ज्ञानेश: परत. परत घे, जमेल. थांब, फोन. हां, बोल भावा. कुठं? पेट्रोल पंपापाशी आली पण? अरे आज पाच मिनिटं आधी कशी... ड्रायव्हरला सांग ना राव, लिफ्टमध्येच आहे म्हणावं. आलो, आलो.

वर्षाली: जा तू.

ज्ञानेश: वर्षाली, रात्री खेळू. नक्की.

वर्षाली: डबा घे. ओट्यावर आहे. आणि सेफ्टी शूज गॅलरीत वाळत टाकलेत.

ज्ञानेश: चिडू नकोस ना. रविवारची बॅग मी भरतो, तू फक्त पिंकीचे कपडे काढून ठेव.

वर्षाली: नाही चिडले. तो कंट्रोलर वर ठेव तेवढा. ती चावते.

(दार ओढल्याचा आवाज. लिफ्ट खाली जाते.)

दुर्गाबाई: गेला?

वर्षाली: गेला.

दुर्गाबाई: त्यो टीव्हीतला बसला बघ खाली.

वर्षाली: कुणी बटण दाबलं नाही की बसतो. थोड्या वेळानं घोरायला लागतो.

दुर्गाबाई: बापावर गेलाय.

वर्षाली: आई, खरं सांगा. तुम्हाला काय वाटलं होतं?

दुर्गाबाई: काय वाटणार. पहिल्या दिवशी वाटलं जे वाटायचं ते. दुसऱ्या दिवशी दाराला कान लावला. रागावू नकोस. तू म्हणालीस, ‘आज वरण खारट झालं, आई काही बोलल्या नाहीत.’ तवा मला शेळी आठवली.

वर्षाली: शेळी?

दुर्गाबाई: तुझा सासरा ट्रकवर हुता तवाची गोष्ट. गेले की म्हैना म्हैना पत्ता न्हाई. घरात मी आन ज्ञानेश, पिंकीएवढा. एक काळी शेळी हुती. तिला पाला टाकता टाकता बोलायची मी. ‘अहो, आज पोरगं रांगलं. अहो, न्हाणीची कड ढासळायली, कवा बघताव?’

वर्षाली: शेळीला अहो?

दुर्गाबाई: मग? नवऱ्याचं नाव कसं घेऊ?

वर्षाली: आई!

दुर्गाबाई: हस, हस. जाऊबाई बी अशीच हसली. ऐकलं तिनं गोठ्याच्या मागून, आन गावभर केलं. हापशावर गेले की बाया इचारायच्या, ‘दुर्गे, अहो बरे हायत का? दूध किती देतेत?’

वर्षाली: अरे देवा. पिंकी उठेल, हसवू नका. मग काय केलंत तुम्ही?

दुर्गाबाई: काय करणार. दूध चांगलं देतेत म्हणायची.

वर्षाली: आणि बाबा परत आले की?

दुर्गाबाई: आले की पाय धुवायचे, पाटावर बसायचे. ‘काय गं, काय नवं?’ म्हणायचे. मी म्हणायची, काय न्हाई.

वर्षाली: काय न्हाई?

दुर्गाबाई: सगळं सांगून झाल्यालं असायचं की शेळीला. तेच दुसऱ्यांदा सांगायला तोंड हुईना. त्यांनी बी मग इचारायचं सोडलं. आता सा वर्सं झाली, ट्रक सुटला, घरीच असतेत. संध्याकाळी ओट्यावर बसतो दोघं. रस्त्यानं कोण गेलं ते बघतो. माणूस चांगला हाय. पर बोलावं काय, ते न्हाई सापडत. डोळे पूस. मी काय रडायसाठी न्हाई सांगितलं. त्याच्या कानावर बी मुद्दाम घातलं, त्यानं तुला इचारावं म्हणून.

वर्षाली: आई, मला नाही यायचं रविवारी.

दुर्गाबाई: मग कोण न्हेतंय तुला? तिकीट त्यानं काढलंय, मी न्हाई. मी बी न्हाई जात आत्ताच. म्हातारा थापतोय दोन भाकरी, त्याला येतेत.

वर्षाली: ज्ञानेशला काय सांगू?

दुर्गाबाई: मी सांगते त्याला. तू त्याला दुसरं सांग. वरण खारट झालेलं सांग. पिंकीचा दात सांग. आधी त्याला, मग ह्या टोपीवाल्याला.

वर्षाली: तो येतो ना, तेव्हा उभ्या उभ्या झोपलेला असतो हो. बूट काढता काढता डोळे मिटतात त्याचे. उठवावंसं वाटत नाही.

दुर्गाबाई: मला बी वाटायचं न्हाई. दमून आल्यालं माणूस, झोपू दे म्हणायची. न्हाई उठवलं मी. उठवत जा तू.

वर्षाली: हं.

दुर्गाबाई: बरं, पोरगी उठायला किती वेळ हाय अजून?

वर्षाली: अर्धा तास असेल. का?

दुर्गाबाई: दे त्यो रिमोट इकडं. तुझा अंगठा पुरत न्हाई म्हणालीस ना? माझे रिकामे हायत दोन्ही.

वर्षाली: तुम्ही?

दुर्गाबाई: गोल दाबायचा, तीन म्हणल्यावर. मघाशी ऐकलं मी. दोनला न्हाई मारायची.

वर्षाली: असा धरा. उलटा झालाय, आई. हां. आधी त्याला उठवा, कुठलंही बटण दाबा.

दुर्गाबाई: उठला बघ! कसा पटकन उठला. त्याच्या डोक्यावर काय लिवलंय ते?

वर्षाली: ज्ञानेश लिहिलंय. थांबा, तुमचं नाव घालते. दुर्गाबाई लिहू का नुसतं आई?

दुर्गाबाई: मग त्याचं कुठं जातंय?

वर्षाली: पुसावं लागेल. दोघांचीच जागा आहे ह्यात.

दुर्गाबाई: मग ऱ्हाऊ दे की. तू आपली बोल त्याच्याशी रोजच्यासारखी. मी नुसतं बटण दाबते.