इमानातली चतुर्थी

मी न्हावऱ्याचा रंगनाथ, पण गावात मला रंगनाथ म्हणून हाक मारली तर मीच मागं वळून बघतो की हा कोण नवीन माणूस आला, कारण सगळी मला रंगा थापाड्या म्हणत्यात. आई गेली तवा मी दोन वर्षांचा आन् माझी थोरली बहीण, आक्का, अकरा वर्षांची. तिनं मला काखंत मारून कांदा काढला, शेणघाण केली, आन् मी म्हणं तवाच पहिली थाप मारली, पायात काटा मोडलाय म्हणून, म्हंजी तिनं मला खाली ठेवू नये. पुढं कुरकुंभला कंपनीत तीस वर्षं बॉयलरवर शिफ्ट केली. एकदा दाबाचा काटा लाल पट्ट्याच्या वर गेला, सगळी पळाली, मी नुसता बॉयलरकडं डोळं वटारून बघितलं आन् काटा खाली आला. हसू नका, लिहून घ्या.

आक्काला दिली दौंडात. दाजी रेल्वेत व्हते, ते वारले, आन् एकुलता एक ल्योक सुनील, तो लंडनला. त्याला लग्नानंतर बारा वर्षांनी पोरगी झाली आन् आक्काचा जीव तिकडं लागला. पण सत्त्याहत्तर वर्षांची बाई, साखरेचा आजार, एकटी कशी जाणार. तर सुनील फोनवर म्हणाला, मामा, तुम्ही कंपनीच्या कामानं इमानातनं चार-पाच वेळा गेलाय, तुम्हीच आईला घेऊन या. आता काय सांगू तुम्हाला, ती थाप मीच त्याच्या लग्नात मांडवात बसून मारलेली, की जर्मनीला मशिन आणाया गेल्तो आन् पायलटनं शेजारी बसवून चहा पाजला. इमान मी खालनंच बघितलेलं. पण न्हाई म्हणायचं कुठल्या तोंडानं? म्हटलं, त्यात काय, इमान म्हंजी आपली शिरूरची एसटी, फक्त खड्डं कमी.

दौंडच्या डॉक्टरनं मला बसवून नीट सांगितलं. दर तासाला उठवून चार पावलं चालवायची, पायात घट्ट मोजं घालायचं, पाणी घोट घोट द्यायचं, आन् सकाळची साखरेची गोळी पोटात गेली की खाणं चुकवायचं न्हाई. घाम सुटला, हात थरथरलं, बोलणं बरळल्यावाणी झालं तर लगीच गोड द्यायचं, वाट बघत बसायचं न्हाई. मी सगळं पाठ केलं. मोजं चढवायची तालीम केली, ते मोजं म्हंजी बैलाला सदरा घालायचं काम. दोन खुर्च्या पुढंमागं लावून आक्काला मधी बसवलं, इमानात अशी जागा आसती म्हणून. आक्का म्हणाली, तुझ्या जर्मनीच्या इमानात एवढीच जागा व्हती का रे?

आन् जायच्या आदल्या आठवड्यात माझी नजर तिच्या भिंतीवरच्या क्यालिंडरावर गेली. जायच्या दिवशी संकष्टी.

ही चतुर्थी कुणासाठी, तर माझ्यासाठी. मी तिशीत असताना मोटरसायकलसकट उसाच्या ट्रॉलीखाली गेल्तो, एकवीस दिवस शुद्ध नव्हती. आक्का म्हणती चार दिवस, पण तिला मोजता येत न्हाई. तवा तिनं देवाला बोललं की रंग्या उठून बसू दे, मी दर संकष्टीला चंद्र बघितल्याबिगर पाण्याशिवाय तोंडात काही घालणार न्हाई. तवापासून एक चुकली न्हाई, दाजींच्या दहाव्याला बी चुकली न्हाई. त्या दिवशी ती साखरेची गोळीच घेत न्हाई, म्हणून आजवर निभावलं.

खरं म्हंजी मी तवाच सुनीलला सांगून तारीख बदलाया पायजे व्हती. पण मी पडलो हुशार. म्हटलं, गडबडीत म्हातारीच्या ध्यानात यायचं न्हाई. क्यालिंडराचं पान गुपचूप फाडलं. आन् निघायच्या दिवशी सकाळी पाण्याबरोबर साखरेची गोळी तिच्या हातावर ठेवली आन् सांगितलं, ही इमानात उलटी होऊ नये म्हणून. तिनं गिळली, न्याहारी मागनं करते म्हणाली, आन् निघायच्या घाईत ती माझ्या ध्यानातनंच गेली.

दुपारी इमान सुटलं. माझ्या पोटात तर असा खड्डा पडला की त्यात अख्खी विहीर मावली आसती, पण तोंडावर दाखवलं न्हाई. आक्काला मधल्या वाटंच्या कडंला बसवलं, मी खिडकीशी. पट्टा मला लावता येईना, तो आक्कानंच शेजारच्याचं बघून लावला. मग जेवणाची ताटं आली. आक्कानं ताट हातानं सरकवलं. आज चतुर्थी हाय म्हणाली. मी म्हटलं, छ्या, कुणी सांगितलं? ती म्हणाली, क्यालिंडर फाडलंस म्हणून तिथी फाटती व्हय रे रंग्या?

गोळी पोटात, पाण्याशिवाय अन्नाचा कण न्हाई. म्हटलं, आक्का, आजारी माणसाला देव माफ करतो. तिनं डोळं मिटलं.

मग मी घड्याळावर नजर लावून बसलो. तासाला उठवली, चालवली, पाणी दिलं. पाचव्या तासाला तिला उठवाया गेलो तर हात ओला लागला. कपाळावर दहिवर पडल्यावाणी घाम. खिशात खडीसाखर व्हती, ती तोंडापाशी नेली, तिनं ओठ घट्ट केलं. मी वळून घड्याळाचं काटं पुढं ढकललं, साडेनऊ केलं, म्हटलं, बघ आक्का, गावाकडं चंद्र उगवला बघ. ती म्हणाली, दुसऱ्यांदा चहा बी आला न्हाई आन् रात्र कशी झाली? खिडकी बघ. खिडकीत ऊन, आन् काय ऊन, वैशाखात न्हावऱ्याच्या माळावर पडत न्हाई असलं. इमान पश्चिमेला पळत व्हतं आन् दिवस आमच्याबरोबर पळत व्हता, मावळायचं नावच न्हाई.

तिचं हात थरथराया लागलं. मी म्हटलं, पायलट आत्ता म्हणाला, त्या अंगाच्या खिडकीतनं चंद्र दिसतोय. तिची जीभ जड झाल्ती, तरी म्हणाली, माझ्या गळ्याची शपथ घे.

तुम्हाला सांगतो, मी देवाची शपथ खोटी घेतलीय, बॉयलरची घेतलीय, बायकोची तर रोजच घेतो. हात तिच्या गळ्यापर्यंत गेला आन् थांबला.

आक्का मला दाजींच्या नावानं हाक माराया लागली, स्टेशनावर डबा दिला का म्हणून इचाराया लागली. डॉक्टरनं सांगितलेलं ते हेच. मी घंटीचं बटण दाबलं, इमानात वाढणारी पोरगी पळत आली, फळाचा रस घेऊन आली, हिंदीत म्हणाली, पिला दो, जल्दी. पण शुद्धीत असलेल्या माणसाचं तोंड जबरदस्तीनं कोण उघडणार, आन् ते बी आक्काचं? मी वाटंत गुडघ्यावर बसलो, तिचं तोंड माझ्याकडं वळवलं.

आक्का, ती गोळी उलटीची नव्हती, साखरेची व्हती. मी खोटं बोललो. इमानात मी कवाच बसलो न्हाई. चंद्र उगवला न्हाई, उगवाया लई उशीर हाय. मला भ्या वाटतंय, आक्का.

ती माझ्याकडं बघत राहिली. एवढी साठ-पासष्ट वर्षं, भ्या वाटतंय म्हणून मी तिला कवा म्हटलेलं न्हाई, ट्रॉलीच्या अपघातानंतर शुद्धीवर आलो तवा बी मी म्हणं ट्रॉलीच मला भ्यायली म्हणत व्हतो. तिनं तोंड उघडलं.

घोट घोट रस पाजला. दहा-पंधरा मिनिटं गेली, मला ती शिफ्टपेक्षा लांब वाटली. मग घाम सुकला, नजर जागेवर आली. मग भात खाल्ला, हळूहळू, एकेक घास. ताट संपवून म्हणाली, तुझ्यासाठी धरलेली, तूच मोडलीस. आता तूच धर.

तिकडं तीन महिनं राहिली, नात मांडीवर खेळवली, येताना मी आधी तिथी बघून तारीख धरली. आता ती दौंडात हाय, गोळी येळेवर, जेवण येळेवर. आन् मी, चार भाकरीचा गडी, दर संकष्टीला सकाळपास्नं उपाशी, संध्याकाळी न्हावऱ्यात गच्चीवर उभा. तिचा फोन येतो, उगवला का? गेल्या महिन्यात आभाळ गच्च भरलेलं, पोटात आग पडलेली, घरात मंडळीनं पिठलं टाकलेलं, वास वर येतोय. आक्का म्हणाली, जेव आता, आभाळामागं हाय तो, दिसला समज. मी म्हटलं, न्हाई दिसला, आक्का. ती म्हणाली, थांब मग.

थांबलो. चालायचंच. तिला शंभर वर्षं मिळू द्यात, माझी उपासमार चालू राहू द्या.