रातकिड्याचा मागचा पाय

(महागावजवळचं एक शेत. दुपार. बांधावर बाप आणि लेक बसलेत. मध्ये भोकं पाडलेला प्लास्टिकचा डबा. नानाजींच्या सदऱ्याची उजवी बाही मनगटापाशी गाठ मारलेली.)

नानाजी : अन् मंग हा पाय तू तोडला?

खुशी : मीच. बारीक कात्रीनं, गुडघ्याच्या खाली. आधी बेशुद्ध केलं होतं त्याला.

नानाजी : तुह्या मायले नको सांगू. पोरगी पुण्याले शिकून काय राह्यली, तं रातकिड्यायचे पाय तोडून राह्यली!

खुशी : तोडून सोडत नाही हो. पिल्लू होतं तेव्हा कापला. नुसता खुंट उरला होता. मग त्यानं कात टाकली, तर काडीएवढा पाय निघाला. पुन्हा टाकली, अजून वाढला. तिसऱ्यांदा टाकली... आता ओळखा, कापलेला कोणता?

नानाजी : डबा तिरपा धर जरा. हा? नाही, हा. नाही समजत बा.

खुशी : डावा, मागचा.

नानाजी : बाप्पा! दुसऱ्या पायाएवढाच हाय की. त्याले कोण सांगते, आता बस म्हणून?

खुशी : तेच तर शोधतोय आम्ही. कोणी सांगत नाही बहुतेक. पेशीला अख्ख्या पायाचं माप ठाऊकच नसतं. ती फक्त शेजारणीला चाचपते. म्हणजे, पायात एका द्रव्याचा वरून खाली उतार असतो समजा, वर जास्त, खाली कमी. पाय पुरा असला की उतार हळूहळू, शेजारणीत फार फरक नाही. पाय कापला की तोच उतार थोड्याशा जागेत येतो. एकदम उभा. फरक जाणवला की पेशी वाढतात, एकीच्या दोन होतात. पाय लांबला, उतार हलका झाला, की थांबतात.

नानाजी : आपल्या वरच्या वावरासारखं म्हण ना. उतार उभा होता तं पाणी माती घेऊन पये. आडवे धुरे टाकले, मातीचे बांध, तवा थांबलं.

खुशी : साधारण तसंच.

नानाजी : मंग माणसाच्या पेशी काहून इसरल्या?

खुशी : बाबा...

नानाजी : इचारून राह्यलो फक्त. शेजारच्या हिरासिंगले सांगून बसलो ना मी. म्हटलं, पोरगी हातावरच काम करून राह्यली. दोन-चार सालात निघन काही.

खुशी : असं सांगितलं तुम्ही? लोकांना?

नानाजी : परसालच्या दिवाळीत थ्रेशरनं हात नेला, अन् महिन्याभरात तुहा फोन, बाबा, मी विषय बदलवला.

खुशी : तुमच्यामुळंच बदलला. खोटं नाही बोलत. पण रातकिड्यालाही मोठेपणी नाही येत हो पाय. शेवटची कात टाकली, पंख आले, की संपलं. मग तुटला तो तुटला. तुमचा हात नाही होणार माझ्याकडून. हे तोंडावर सांगावं लागेल, म्हणून चौदा महिने आलेच नाही मी.

नानाजी : चौदा महिने. तुही माय दर शनिवारी दिग्रसच्या गाडीच्या टायमाले फाट्यावर जाऊन उभी राहे. मले म्हणे, भाजी आणाले चालली.

खुशी : मला नाही सांगितलं कधी.

नानाजी : कायले सांगन? अन् हाताचं म्हणशीन, तं मले माहीतच होतं. डॉक्टरनं पह्यल्याच दिवशी सांगतलं होतं.

खुशी : मग हिरासिंगकाकाले काहून सांगितलं तसं?

नानाजी : तो रोज इचारे, बाप असा पडला अन् पोरगी काहून येत नाही? काही तं सांगा लागे ना त्याले.

खुशी : ...मला बघवलं नसतं, बाबा.

नानाजी : आता आली हायेस. गाठ सोड ही बाहीची. मले एका हातानं जमत नाही.

खुशी : दुखते?

नानाजी : नाही. धर नीट, भेऊ नको. बोटं नाहीत, पण हायेत असंच वाटते अजून. कापूस वेचाले वाकलो का पह्यले हाच हात पुढं जाते.

खुशी : आत्ता? आत्ता काय वाटते?

नानाजी : बोटं मिटली ना. तुह्या हाताभवती.