कपाटातले जबडे

तुम्ही कधी प्लास्टरचे जबडे दोरीने बांधून ठेवले आहेत का? नाही ना? हसू नका. मी बांधले आहेत, एकदोन नव्हे, चांगले एकशे अकरा, तेही भर दुपारी, खिडक्या सताड उघड्या असताना! रोज सकाळी देवापुढे हात जोडणाऱ्या, जन्मात चहालासुद्धा न शिवलेल्या माणसाने... आणि कशासाठी? तर ते गप्प बसावेत म्हणून!

तुम्हाला सांगतो, बत्तीस वर्षं मी कवळ्या बनवतो. शेजारच्या दवाखान्यातल्या दातांच्या डॉक्टरबाई मापं पाठवतात, मी त्यांत प्लास्टर ओतून जबडा काढतो, जबड्यावर मेण, मेणात दात, आणि कवळी घालून कोणी कुरकुरलं की माझं ठरलेलं वाक्य, "थोडे दिवस टोचेल, मग सवय होईल." मापाच्या लगद्याचा नवा डबा फोडला की पहिला घास मी स्वतः चावतो, लगदा नीट घट्ट होतो ना ते पाहायला, आणि माझ्या त्या दातांचा जबडा तारीख घालून कपाटात ठेवतो. पद्धत म्हणजे पद्धत! एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तर एका वृद्धाश्रमाला हव्या होत्या चाळीस कवळ्या, महिन्याभरात, आणि मी हो म्हणून बसलो. लोभ नव्हता हो, गर्व होता. धाकटा भाऊ मालट्रक चालवतो, तो म्हणाला, "दादा, ही अर्धी गोळी घे. झोप जवळ फिरकत नाही, डोकं कसं काचेसारखं लख्ख!" मी विचारलं, "नशा नाही ना रे?" "छे छे, दादा! औषध आहे." ज्याला खोटंच ऐकायचं असतं, त्याला तेवढं पुरतं.

आणि काय सांगू! अर्ध्या तासात छातीत कोणीतरी धडाधड जिने चढायला लागलं, तोंड कोरडंठाक, भूक गायब, आरशात पाहिलं तर बुबुळं नाहीतच, नुसत्या काळ्याभोर बाहुल्या... आणि हात? एकच दात मी चार तास घासत बसलो आणि मला वाटलं दहा मिनिटं झाली! पण चाळीसच्या चाळीस कवळ्या वेळेत गेल्या. तुम्हाला सांगतो, मी अगदी ठणठणीत होतो!

मग थांबायचं ना? थांबलो की! दोन दिवस. त्या दोन दिवसांत सगळं जग धुतलेल्या पाटीसारखं कोरं, काहीच नको, कोणीच नको, देवापुढे उभा राहिलो तर प्रार्थनेचे शब्द ओठांवर आणि आत शुकशुकाट... मग पुन्हा अर्धी. अर्धीची एक, एकीच्या दोन. बायको विचारायची, "अहो, डबा तसाच परत आला?" "दवाखान्यात जेवलो ग." खोटं! प्रार्थना करून बाहेर पडलेल्या तोंडाने, धडधडीत खोटं! पण मी? अगदी ठणठणीत!

पाचव्या महिन्यात तो आवाज सुरू झाला. कर्र... कर्र... कपाटातून. उठून दार उघडून 'कोण आहे?' म्हणून ओरडावं, तर सगळे जबडे शहाण्यासारखे गप्प. दार लावून कामाला बसावं, की कर्र... तुम्ही म्हणाल उंदीर. मीही म्हटलं उंदीर. पण उंदीर कुजबुजतो का हो? "हा खोटं बोलतो. कर्र. सांगू या का याच्या बायकोला? कर्र..." मी घेतली दोरी आणि एकेकाला धरून आवळला.

दोनच्या सुमाराला बायको स्वतःच डबा घेऊन आली, आणि दारातच थबकली. मी म्हटलं, "ऐक! बांधले तरी चावतायत!" आणि दोघंही कान देऊन उभे राहिलो. कर्र... कर्र... तिनं कपाटाकडे पाहिलंच नाही हो. ती माझ्याकडे पाहत होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "तोंड उघडा."

उघडलं. आवाज थांबला.

"आता मिटा."

कर्र...

"अगं, मी अगदी ठण..." ती रडली नाही, ओरडली नाही. कपाटातून माझे जबडे शोधून काढले, एकेकाची दोरी सोडली आणि तारखेप्रमाणे टेबलावर मांडले. पहिल्याचे दात टोकदार. मग बोथट. मग सपाट. शेवटच्याचा एक सुळा अर्धा तुटलेला. आणि मला, बत्तीस वर्षं लोकांचे दात पाहणाऱ्याला, स्वतःचे ओळखू आले नव्हते!

डॉक्टरबाईंनी तोंडात बॅटरी मारली आणि इतकंच म्हणाल्या, "काका, काम जमलं की मेंदूत शाबासकीचं रसायन थेंबथेंब पाझरतं. या गोळीने तुम्ही त्याची धारच सोडलीत, मग साध्या थेंबाची गोडी कशी राहील? हृदय पळवलंत, जबडा आवळलात, आणि लाळ सुकवलीत. लाळ दातांची राखणदार असते हो!"

डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी सोडली. आठवडाभर मेल्यासारखा झोपलो, मग चार महिने कशातच राम वाटेना. देवापाशी कबुली दिली. ती सोपी होती. बायकोपाशी दिली, ती मान खाली घालून. हळूहळू भूक आली, झोप आली, प्रार्थनेत मन परतलं. दात परतले नाहीत. वरचे सगळे काढावे लागले. कवळी मीच बनवली, माझ्याच हाताने, माझ्याच जबड्यावर, उभ्या आयुष्यातली सगळ्यात चोख कवळी.

तुम्हाला सांगतो, ती बसवून दीड वर्ष झालं. थोडे दिवस टोचेल, मग सवय होईल म्हणत होतो ना मी लोकांना? साफ खोटं आहे हो ते... टोचतंच.