हसनाबादच्या बारवेचं साल

जालन्याच्या ठेसनात औरंगाबादच्या गाडीची वाट पाहत बसलो होतो. शेजारच्या बाकड्यावर एक म्हातारे मास्तर एका तरुण प्राध्यापकाचा मासिकात छापून आलेला लेख वाचत होते. प्राध्यापक शेजारीच होते.

"त्रिंबकराव, हसनाबादच्या बारवेतला शिलालेख मी वाचला. आठ दिस पाण्यात उभं राहून शेवाळ घासलं. अन् तळटीपेत माझं नाव कसं न्हाई?"

"मास्तर, तुमचं नाव अजून कुणीच घेतलं न्हाई. मंग मी कसं घेऊ?"

"शास्त्रीबुवांचं बरं घेतलं!"

"त्यांचं पाच जणांनी घेतलंय. मी सहावा."

"शास्त्रीबुवांनी बारव पाह्यली का?"

"त्यांनी हैदराबाद सोडलंच न्हाई कधी."

"मंग त्यांना शिलालेखातलं साल कुठून कळलं?"

"तुम्हीच पत्रानं कळवलं असंल."

"मीच कळवलं. अन् हे दुसरं नाव, रामकिसनरावांचं?"

"ते बक्षिसाच्या कमिटीवर हायेत."

"बराबर. मागल्या महिन्यात मी परत उतरलो बारवेत. साल चुकीचं वाचल्तं मी. शंभर वर्सांचा फरक पडतो."

"अरे देवा! माझा अख्खा लेख त्या सालावर उभा हाय!"

"सहाही जणांचा हाय."

"तुम्ही हसून काय राह्यले? पुढल्याच अंकात छापतो, की मूळ वाचन तुमचं, चूकबी तुमचीच!"

"बिलकुल छापा. पण माझं नाव अजून कुणीच घेतलं न्हाई, त्रिंबकराव. मंग तुम्ही कसं घेणार?"