डॉक्टरीणबाईपुढं गप्प ऱ्हायले

काय सांगू तुमाला, माझं म्हायेर आष्टीकडलं, दिलं हिकडं पाटोद्याच्या बाजूला. चार लेकरं वाढिवली, एकाला बी दवाखाना दावला न्हाई, त्याचाच लई तोरा व्हता मला. गावात कुणाचं लेकरू तापलं की बाया आधी माझ्याकडं यायच्या, आन म्या सांगायची, पांघरून घाल, घाम काढ, ताप जातो.

ल्योक ऊसतोडीला गेलता, सून नातवापायी मागं ऱ्हायलती. नातू वरसाचा. एकदम सणसणून ताप आला तसं सून त्याला जीपनं बीडच्या दवाखान्यात घेऊन गेली. परत आली आन मला सांगाया लागली, आत्याबाई, डॉक्टरीणबाई म्हणल्या ताप दोन-तीन दिस येत-जात ऱ्हाईल, औषध त्याच्या वजनावर दिलंय तेवढंच द्यायचं, पातळ झबलं घालायचं, घडीघडी पाजायचं, आन मुतायचं कमी झालं न्हाईतर पोरगं सुस्त पडलं तर तसंच उचलून आणायचं. मला राग आला बगा. कालची पोर मला शिकवती! म्हणलं गप बस, आन घेतलं पोराला मांडीवर, दोन गोधड्या गुंडाळल्या, कानाला टापरं बांधलं, दार लावलं. तिनं गोधडी सारली की म्या परत वढायची. पाजाया मागितलं तर म्हणलं, झोपलंय, उठवू नको.

झोपलं कुठलं व्हतं वो. दुपारपातूर लंगोट कोरडाच. मग सुनंनं माझ्या मांडीवरनं हिसकून घेतलं त्याला, व्हट सुकलेले, मान टाकलेली. तशीच बीडला निघाली ती, म्या मागं पळाले.

तिथं सलाईन लावली. डॉक्टरीणबाई सुनंवर अशी खवळली, अगं तुला एवढं समजून सांगितलं व्हतं, कावून गुंडाळलंस, कावून पाजलं न्हाईस, आई हायेस का कोण हायेस. सून खाली मान घालून म्हणली, चुकलं म्याडम. माझ्याकडं बघितलं बी न्हाई तिनं. आन म्या? म्या तोंडाला पदर लावून भिंतीला टेकून हुबी.

पोरगं वाचलं, आता दार धरून हुबं ऱ्हातंय. बाया आल्या तर म्हणते, मला काय इचारता, सुनंला इचारा. ती आजून सकाळचा च्या आधी मलाच देती, ल्योकाला बी काई बोलली न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. लई शरम वाटती. देवाला रोज एवढंच म्हणते, हिला पुढल्या जल्मी दुसरी सासू दे बाबा.